बेशुद्ध माणूस पाय मारत नाही

गंगापूर धरणाच्या पाण्याला लागून एक कॅम्प आहे. तिथे मी स्वयंपाक करते. सहा वर्षं झाली. शनिवार-रविवारी शहरातली माणसं तंबूत राहायला येतात, त्यांचं जेवण सोपं असतं. थंडीत मात्र सर वेगळी मुलं घेतात. सर म्हणजे कॅम्प चालवणारे. ते दरवर्षी काही मुलांना हिमालयातल्या नदीवर नेतात, रबरी होडीतून उसळत्या पाण्यात उतरायला. राफ्टिंग हौसेनेही करता येतं. जॅकेट घालायचं, मधे बसायचं, ओरडायचं, फोटो काढायचे. सर नेतात ती नदी तशी नाही. तिथे होडी उलटणार हे धरूनच निघायचं असतं. म्हणून तीन महिने आधीपासून अंग तयार करावं लागतं, आणि ज्याचं होत नाही त्याला ते घरी पाठवतात.

त्या वर्षी नऊ जण होते. सात मुलगे आणि दोन मुली. त्या दोघींतली एक माझी मुलगी.

तिला सरांनी पोहताना पाहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती मला मदत करायला यायची आणि भांडी झाली की पाण्यात शिरायची. पोहायला तिला मीच शिकवलं. मी माहेरच्या विहिरीत शिकले, पाठीला सुका भोपळा बांधून. सर म्हणाले, हिला घेतो. बारावी झाल्यापासून ती सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, आठ तास उभी. ती नोकरी तिने सोडून दिली. नवांतून सहा जण निवडायचे होते, आणि जे जाऊन येतील त्यांना सर गाईड म्हणून ठेवणार होते. तिला तेच हवं होतं. लहानपणापासून तिने कशाचा हट्ट केलेला मला आठवत नाही. याचा मात्र केला, आणि तोही माझ्याकडे नाही, स्वतःशीच.

पहिल्या दिवशी स्कूटी सुरू करताना ती म्हणाली, "तिथे सगळे तुला मावशी म्हणतात. मीपण मावशीच म्हणेन. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल. सरांनाही तिने तसंच सांगितलं असणार, कारण तेही कधी काही बोलले नाहीत.

मी तशी कुणाशी बोलत नाही. चौथीपर्यंत शिकले, पाचवीची शाळा लांबच्या गावी होती. लिहायला-वाचायला येतं. चारचौघांत बोलायला येत नाही. कुणी पाहुणा म्हणाला की मावशी, भाजी मस्त झाली, तरी मी ओढणीने तोंड पुसते आणि आत जाते. त्यामुळे मावशी होऊन राहणं मला जड गेलं नाही. असं मला वाटलं होतं.

पहाटे साडेपाचला ती मुलं पांडवलेणीच्या पायऱ्यांवर असायची, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन. वर, खाली, परत वर. आठला कॅम्पवर यायची, तेव्हा त्यांच्या अंगातून वाफ निघत असायची. मग मोड आलेली मटकी, चार-चार अंडी, नाचणीची भाकरी. त्यानंतर दोरीला लोंबकळून हनुवटी वर आणायची, हाताच्या कोपरांवर अंग तोलून धरायचं. शेवटी पाणी. जानेवारीतलं नाशिकचं पाणी काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात दहा मिनिटं नुसतं उताणं तरंगायचं, पाय पुढे, तोंडावर लाट आली तरी श्वास चुकू द्यायचा नाही. होडी उलटी करायची, तिच्याखाली अंधारात जायचं आणि न घाबरता बाहेर यायचं. जेवायला बसली की त्यांचे हात थरथरायचे. ताक तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धं सांडायचं. मी बघायचे आणि परत वाढायचे.

सगळ्यात अवघड होतं ते पाण्यातल्या माणसाला होडीत ओढून घेणं. पडलेला माणूस शुद्धीत असेल तर तो पाय मारतो आणि निम्मं काम तोच करतो. डोकं दगडावर आपटलेलं असेल तर तो मारत नाही. तेव्हा त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरायचे, आपले गुडघे होडीच्या फुगलेल्या कडेला टेकवायचे, त्याला एकदा खाली दाबायचं, आणि तो वर उसळला की सगळं अंग मागे टाकून आपण पाठीवर पडायचं. तो आपल्या अंगावर येऊन पडतो. पहिले पंधरा दिवस हे वाळूच्या पोत्यावर झालं. पोत्याला कान असतात, ते हातात नीट बसतात. सर म्हणाले, माणूस असा धरता येत नाही. मग मुलं एकमेकांना ओढायला लागली, पण ती सगळी सडपातळ, आणि पाण्यात असली की सवयीने पाय हलवायची.

एका सकाळी मी कढई घासत होते. सर आले. "मावशी, पोहता येतं ना तुम्हाला? जरा पाण्यात उतराल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते खांद्यापासून खाली, पोत्याकडे पाहावं तसं. मी लठ्ठ आहे. थायरॉईडची गोळी चालू आहे, पण गोळीच्या आधीपासून लठ्ठ आहे. नाही म्हणायला हवं होतं. मी हात धुतले आणि गेले.

जॅकेटचे बक्कल लागेनात, तेव्हा दुसऱ्या जॅकेटचे पट्टे जोडून त्यांनी ते माझ्या अंगावर आवळलं. मी पंजाबी ड्रेसमध्येच उतरले. सर काठावरून म्हणाले, तुम्ही बेशुद्ध आहात, बेशुद्ध माणूस पाय मारत नाही, नुसतं पडून राहायचं. मी उताणी पडून राहिले.

पहिला मुलगा सगळ्यांत उंच होता, जिममध्ये जाणारा. त्याने पट्टे धरून ओढलं. मी छातीपर्यंत वर आले आणि परत गेले. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा माझा कुर्ता कमरेच्या वर सरकला. तिसऱ्यांदा त्याने मला सोडूनच दिलं.

"सर, जेसीबी मागवा," तो म्हणाला.

सगळे हसले. माझे कान पाण्यात होते तरी ऐकू आलं. माझी मुलगी काठावर उभी होती. तीपण हसली. तिचं हसणं मला हजार माणसांत ओळखू येतं.

दुसरा मुलगा आला. त्याने पट्टे धरले, मागे झुकायला लागला, आणि नेमक्या त्या क्षणी मी पाण्याखाली दोन्ही पाय जोरात मारले. मी अलगद वर गेले आणि त्याच्या अंगावर पडले. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, बघा, जमतं. ताकद कुठे लावायची हे कळलं पाहिजे.

तेव्हापासून मी रोज पाय मारत गेले. धरणाचं पाणी हिरवट, गढूळ असतं, कमरेखालचं काही दिसत नाही. मान टाकून द्यायची, हात सैल सोडायचे, डोळे मिटायचे, आणि खालून एकच लाथ. ती कधी मारायची हे मला इतकं जमलं की त्या मुलांनाही कळायचं नाही. त्यांना वाटायचं, आपले दंड भरले. उंच मुलगा आरशासमोर उभा राहायचा. मला जेसीबी म्हणणं बंद झालं, मला तेवढंच हवं होतं. हे चुकीचं आहे, ही मुलं खऱ्या नदीवर जाणार आहेत, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. मी ते बाजूला ठेवलं.

मुलीला पहिल्याच दिवशी कळलं. होडीत मी तिच्या अंगावर पडले तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "पाय मारलास." घरी जाताना तिने विचारलं, सगळ्यांना मारतेस का. मी हो म्हटलं. ती स्कूटी चालवता चालवता हसत राहिली. म्हणाली, मार, मला पण मार, आणि निवडीच्या दिवशी नीट मार, अर्धवट नको. दोरीला लोंबकळायचं तिला जड जायचं, त्याला ती त्यानंतर टाळाटाळ करायला लागली. मी एकदा म्हटलं, अगं, हाताला जोर यायला नको का. ती म्हणाली, तुझे पाय आहेत ना.

निवडीचा दिवस रविवार होता. सरांचा नियम असा की पायऱ्या, पोहणं, उलटी होडी, यात कोण कितवा येतो त्यावरून सहा जण, पण माणूस ओढून घेता आलाच पाहिजे. तीन वेळा करून बघायची मुभा. नाही जमलं तर बाकी सगळ्यात पहिला आला तरी घरी. माझी मुलगी पायऱ्यांत दुसरी आली होती आणि पोहण्यात पहिली. म्हणजे फक्त मी राहिले होते.

दुसरी मुलगी कॉलेज रोडची, शहरातल्या पैसेवाल्या वस्तीतली. तिची आई तिला बघायला गाडी घेऊन आली होती. मी सगळ्यांना चहा दिला आणि मुलीला हळूच म्हटलं, केस घट्ट बांध. चुलीकडे परतले तर मागून त्या बाईंचा आवाज आला. त्या माझ्या मुलीला विचारत होत्या, या मावशी तुझ्या ओळखीच्या का?

"आमच्या गल्लीत राहतात," माझी मुलगी म्हणाली.

राहतात. जन्मल्यापासून ती मला अगं-तुगं करते. मी पातेलं खाली ठेवलं आणि जॅकेट चढवायला गेले.

नदीची भीती वाटली, पोरगी वाहून जाईल असं वाटलं, म्हणून मी पुढचं केलं, असं इथे लिहिता आलं असतं. ते चांगलं दिसलं असतं. पण नदीची भीती मला वाटली नव्हती. ती माझ्यापेक्षा चांगली पोहते. मी ठरवलंही नव्हतं. पहिल्या सहा मुलांना मी रोजच्यासारखे पाय मारले, सगळे पहिल्या झटक्यात पार झाले. सातवी ती होती.

तिने पट्टे धरले. गुडघे टेकवले, मला दाबलं, मागे झुकली. मी पाय मारले नाहीत. जॅकेट काखेत रुतलं आणि मी परत पाण्यात गेले. सर म्हणाले, घाई नको, श्वास घे. दुसऱ्यांदा तिने मला कमरेपर्यंत आणलं. तिचे दंड थरथरताना मला माझ्या खांद्यांत जाणवत होते. तिथून ती मला आणखी वर घेऊ शकली नाही आणि मी हळूहळू घसरत गेले.

तिसऱ्यांदा ओढण्याआधी ती माझ्यावर वाकली. तिचं तोंड मला उलटं दिसत होतं, तिच्या नाकावरचं पाणी माझ्या डोळ्यांत पडत होतं.

"आई," ती म्हणाली, फक्त मला ऐकू येईल इतकं. "आई, पाय मार."

मी डोळे मिटले. मान टाकून दिली. तिने ओढलं. मी त्या पाण्यात जितकी जड होते तितकी जड राहिले, एक बोट हलवलं नाही. सरांची शिटी वाजली.

आठवी ती दुसरी मुलगी. सवयीने, असं लिहिणार होते. सवयीने नाही. तिला मी पाय मारले. तिच्या आईने टाळ्या वाजवल्या. नववा मुलगाही पार झाला.

जेवायच्या वेळी सरांनी सहा नावं सांगितली. पिठलं-भाकरी होती. मी वाढत होते. माझी मुलगी ताट घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहून बोलायला लागली. म्हणाली, सर, हे सगळं परत घ्या, पाण्यातलं माणूस बेशुद्ध नव्हतं, या सगळ्यांना खालून पाय मारले गेलेत, पहिल्या दिवसापासून. मीपण त्याच्यावरच विसंबून होते, ती म्हणाली, मला पण ओढता येत नाही आणि यांनाही येत नाही.

उंच मुलगा म्हणाला, "आपलं नाव नाही आलं की असं आठवतं."

सरांनी विचारलं, तुला कसं माहीत?

"ती माझी आई आहे," मुलगी म्हणाली. "तिनेच सांगितलंय मला."

कॉलेज रोडच्या बाई तिच्याकडे बघून माझ्याकडे बघायला लागल्या. "गल्लीत राहतात म्हणालीस ना?" त्या म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मुलीने मान खाली घातली नाही. त्या सगळ्यांसमोर ते बोलायला तिला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं.

सर माझ्याकडे वळले. "मावशी, खरं सांगा. पाय मारत होतात का?"

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं तर तिथे थांबता आलं नसतं. कधीपासून, कुणाकुणाला, का, आणि मग हिला का नाही, सगळं सांगावं लागलं असतं, उभ्याने, पळीतलं पिठलं गार होईपर्यंत. नाही म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही.

"नाही," मी म्हटलं. मग कुणी विचारलं नसताना आणखी म्हटलं, "मला बेशुद्ध राहायला सांगितलं होतं. मी तशीच होते."

सरांनाही तेच ऐकायचं होतं असं मला वाटतं. तिकिटं लगेच काढायची होती, आणि पाय मारले असते तर आपल्याला दिसले असते, ते म्हणाले. तिला म्हणाले, पुढच्या वर्षी ये, दंड कमी पडतात तुझे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, खोटं मात्र बोलू नये. तिने हो म्हटलं. बसली, ताटातलं सगळं जेवली, ताट घासून ठेवलं आणि मी आवरेपर्यंत स्कूटीपाशी थांबली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "का?"

घरात मला बोलता येतं. मी म्हटलं, "गल्लीतली बाई कशाला पाय मारेल?"

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

मला वाटलं होतं ती रडेल, मग मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांवर पट्ट्यांचे लाल वळ होते, ते तिने नळाखाली धरले.

जुन्या कंपनीने तिला परत घेतलं नाही. दुसऱ्या कंपनीत लागली, तिथेही पॅकिंगच, पहिली पाळी. मार्चमध्ये ते सहा जण गेले. बारा दिवसांची सहल होती. सर मधूनमधून कॅम्पच्या ग्रुपवर फोटो टाकायचे, मी ते चुलीपाशी उघडून बघायचे. पांढरं पाणी, पिवळी होडी, हेल्मेट घातलेली तोंडं. मी एकेक तोंड मोजायचे. सहाच्या सहा असायची.

दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी ती का मोजते. मला पाच हवी होती. मरावं असं नाही. पण कुणीतरी पडावं, बेशुद्ध व्हावं, आणि त्या उंच मुलाला तो वर घेता येऊ नये, सगळ्यांना तो प्रकार दिसावा. मग सरांना कळलं असतं की माझी मुलगी खोटं बोलली नव्हती. मला तोंड उघडावं लागलं नसतं. मी कांदा चिरत होते आणि कुणाच्या तरी आईच्या पोराचं डोकं दगडावर आपटलेलं बघत होते. असं मी बारा दिवस केलं. सहांत ती कॉलेज रोडची मुलगी होती, तिचंही बघितलं.

ते परत आले त्या दिवशी मी पोहे केले. टेम्पोतून उतरले तेव्हा सगळ्यांच्या नाकाची सालं गेलेली, अंग काळं पडलेलं. पोरं नुसती खिदळत होती. सर म्हणाले, मावशी, यंदाची बॅच सोन्यासारखी, नदी इतकी खवळलेली होती पण एकदाही कुणी होडीबाहेर गेलं नाही. उंच मुलाने दोनदा पोहे घेतले. जाताना म्हणाला, मावशी, तुमच्यामुळे हात तयार झाले आमचे. मी ओढणीने तोंड पुसलं आणि आत गेले.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. हात-पाय धुतले. जानेवारीपासून ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होती, गॅस संपला, पाणी आलं, असं. त्या दिवशी तिने ताट पुढे ओढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आले का ते?"

मी म्हटलं, आले.

"कुणी पडलं?"

"नाही. एकदाही नाही."

तिने भाकरी मोडली. घास तोंडाजवळ नेला आणि तिथेच थोडा वेळ धरून ठेवला. मग खाल्ला. तिचं तोंड बघून मला कळलं की ते बारा दिवस आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघत होतो, ती कंपनीत उभ्याने आणि मी चुलीपाशी. जानेवारीनंतर आम्हा दोघींचं एवढंच एकसारखं झालं होतं. मी तिला आणखी आमटी वाढली. तिने नको म्हटलं नाही.